बलावाचं गाणं

बसा रे पोट्टेहो. लाइट येईपर्यंत तुमचा सराव काही होत नाही, आणि अंधारात या तारांत पाय गुंतून कोणीतरी तोंडावर पडायचा. मोबाइल ठेवून द्या. अंधार आहे तसाच राहू द्या.

मघाशी तुम्ही विचारलं, आपल्या वऱ्हाडी बोलीत रॉक वाजवणारे अमरावतीत तुमच्याआधी कोणी होते का? होते ना. ‘पऱ्हाटी’ नावाचा बँड होता, कपाशीच्या झाडाचंच नाव. तिघंच जण. त्यातला ड्रम वाजवणारा ललित माझ्या मागच्या गल्लीत राहतो. मी सांगतो ते त्याच्या तोंडचं आहे. त्यानं ते मला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि एकदाही त्यात शब्द इकडचा तिकडे झाला नाही. गप्पा मारणाऱ्याची गोष्ट दर वेळी थोडी वाढते. याची कधी वाढली नाही.

सुरुवात साधीच. एक चष्मा पोचवायचा होता.

नागसेन गायचा आणि गिटार वाजवायचा. त्याची आत्या इंदूबाई अमरावतीतच राहायची. आत्याच्या माहेरच्या गावची एक म्हातारी शेजारीण, मनकर्णाबाई. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन अमरावतीत झालं होतं आणि चष्मा मागून तयार होऊन आला होता. गाव दर्यापूरच्या पुढं, पूर्णा नदीच्या अंगाला. गावाचं नाव मी घेत नाही, माणसं राहतात तिथं अजून. दिवाळी होऊन गेली होती. अकोटच्या एका कॉलेजात गॅदरिंगला ‘पऱ्हाटी’चा कार्यक्रम होता आणि गाव वाटेतच पडत होतं. इंदूबाई म्हणाली, “जाऊनच राहिले त देऊन द्या. एकटीच राह्यते बुढी. चाचपडत असन.”

गाडी प्रतीक्षाची. म्हणजे तिच्या वडिलांची, भगवंतरावांची. त्यांचा फुलांचा मळा. पहाटे झेंडू-शेवंती भरून ती पिकअप बाजारात जायची, आणि संध्याकाळी तिच्यातच ड्रम, गिटारी आणि ते जडशीळ अॅम्प घालून हे तिघं निघायचे. प्रतीक्षा बेस वाजवायची आणि गाडीही तीच चालवायची. भगवंतरावांचं एवढंच म्हणणं की कुठंही जा, फुलं भरायच्या आत गाडी दारात पाहिजे. मागचा हौदा कितीही झाडला तरी पाकळ्या राहायच्याच. ललितच्या ड्रमच्या खोळीला कायम वाळलेल्या शेवंतीचा वास असायचा.

कार्यक्रम म्हणजे काय, तुम्हाला माहीतच आहे. स्वतःची गाणी वाजवायची, तीही वऱ्हाडीत, म्हणजे पहिल्या दोन गाण्यांनंतर आयोजक स्टेजच्या कोपऱ्यातून खुणा करणार, “हिंदी नाही येत का बे काही? यापेक्षा डीजे बलावला असता त बरं झालं असतं.” कधी मंगल कार्यालयाच्या लॉनवर, कधी गणपतीसमोर, कधी एखाद्या कॅफेत वीस खुर्च्यांपुढं. वाजवायचं, सामान आवरायचं, एखाद्या धाब्यावर गार झालेली शेवभाजी खायची आणि रात्रीतून परत. ललित दिवसा एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा. तिथं झोपाळू डोळ्यांनी फळ्यापुढं उभा राहायचा. पण ड्रमवर बसला की माणूस बदलायचा.

तर दुपारच्या उन्हात हे तिघं मनकर्णाबाईच्या दारात पोचले. टिनाचं छत, दोन खोल्या, पुढं सारवलेला ओटा. म्हातारी आत मूग निवडत बसली होती आणि काहीतरी गुणगुणत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या शेजारी एका तरुणाचा फोटो. चौकड्याचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस.

नागसेन दारातच थबकला. “मावशी, हे कोनतं गानं व्हय?”

“गानं कायचं, बापा. पोराले घरी बलावाचं.”

“म्हना ना एकदा पुरं.”

म्हातारी उठली. भर दुपारी तिनं दार लावलं, कडी घातली, खिडकीही लोटली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली...

*दिस बुडाला पूर्णेत, हाक मारतो लांबून रे*
*सरळ घरी येजो राजा, नोको राहू थांबून रे*

चाल अशी की प्रत्येक ओळ शेवटी वर जायची आणि तिथंच लोंबकळत राहायची. कोणीतरी ओ देईल म्हणून थांबल्यासारखी. नागसेननं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मग विचारलं, “आमी वाजवू का हे, मावशी? स्टेजवर?”

तिनं मुगाचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. “वाजवा,” म्हणाली शेवटी. “पन उनात वाजवजा. दिवे लागल्यावर नोको.”

“काहून?”

“बलावाचं हाय ते. बलावलं का येते.”

“कोन येते?” ललितनं विचारलं.

म्हातारीनं नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, ललितच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “चाय मांडू का?”

गाडीत बसल्यावर प्रतीक्षा म्हणाली, “आपले प्रोग्राम उनात कधी रायते गा?” नागसेन हसला. ललितही हसला. बौद्धाचं घर त्याचं. भूतखेत, अंगात येणं, लिंबू-मिरची या गोष्टींना त्याच्या घरात उंबऱ्याच्या आत कधी जागा मिळाली नव्हती.

महिनाभर त्यांनी ते गाणं बसवलं. सुरुवातीला नुसता आवाज आणि ललितचा मोठा ड्रम, कोणी दारावर थाप मारावी तसा. मग बेस शिरायचा, मग गिटार फाटल्यासारखी तुटून पडायची आणि नागसेन “येजो राजा” म्हणत गळ्याच्या शिरा ताणायचा. डिसेंबरात अमरावतीच्या एका मैदानावर त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं. पोरं वेडी झाली. हजारभर मोबाइलचे उजेड हलत होते. ‘पऱ्हाटी’साठी लोकांनी पुन्हा एकदा म्हणा म्हणून आरडाओरडा केला, असं त्या रात्री पहिल्यांदा घडलं.

ड्रम वाजवणाऱ्याचं एक असतं. गाणारा दिव्यांनी आंधळा झालेला असतो, ड्रमवाला मात्र मागं अंधारात बसून सगळं मैदान बघत असतो. त्या हलणाऱ्या उजेडांच्या पार पलीकडं, फाटकाजवळ, ललितला एक माणूस दिसला. सगळे हलत होते आणि तो हलत नव्हता. शर्ट अंगाला चिकटलेला. थंडीचे दिवस, आणि हा जणू पावसातून आलेला. गाणं संपलं. माणूस नव्हता.

ललितनं मनावर घेतलं नाही. असेल कोणी पिऊन आलेला.

मग यवतमाळ. तिथं तो मधल्या रांगांत होता. आजूबाजूची पोरं नाचत होती, पण त्याच्या अंगाला कोणी लागत नव्हतं. त्याच्याभोवती थोडी जागा रिकामी राहत होती, आणि ती का राहते ते त्या पोरांनाही माहीत नसावं.

मग कारंजा. छोटा हॉल, उजेड बरा. तो पहिल्या रांगेच्या पुढं उभा होता. नागसेनकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही... तोंडाकडे. शब्द बाहेर पडताना बघावेत तसा. आणि आईनं हाक मारल्यावर खेळता खेळता पोरगं मान वर करतं ना, तशी त्याची मान होती.

चौकड्याचा शर्ट. बसवलेले केस, फक्त ओले.

 हा चेहरा ललितनं बघितला होता. भिंतीवर. बुद्धाच्या तसबिरीशेजारी.

दुसऱ्या दिवशी तो इंदूबाईकडे गेला. चहा घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारलं. तिनं सांगितलं, तो मनकर्णाबाईचा देवानंद. एकुलता एक. अकोल्याला कामाला होता, शनिवारी गावी यायचा. एका पावसाळ्यात जीपवाल्यानं फाट्यावर सोडलं, पूल पाण्याखाली होता, आणि तरी हा निघाला. घर दिसत होतं ना समोर. खाली बाभळीत अडकलेला सापडला.

“मंग बुढी रोज सांजच्याले दारात उभी राहून ते गानं म्हने,” इंदूबाई म्हणाली. “आख्खं गाव रडे आयकून. मंग एक दिवस बंद केलं. पुना दारात उभी राह्यली नाही. काहून, ते काही सांगत नाही.”

ललितनं दोघांना बसवून सगळं सांगितलं. नागसेननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू गनित शिकोते न बे? फोटो पाह्यला, डोक्यात बसला. आता प्रत्येक चौकड्याच्या शर्टात तुले तोच दिसून राहिला.”

प्रतीक्षा मात्र उठली. तिनं दोघांना खाली नेलं, पिकअपचं मागचं फळकं पाडलं. हौद्याच्या एका कोपऱ्यात, जिथं कार्यक्रमाहून येताना कोणीच बसत नाही तिथं, माणूस बसेल एवढा पांढरा डाग होता. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या काठावर मीठ फुलतं, तसा.

“कारंज्याहून आलो तवा हे वल्लं होतं,” ती म्हणाली. “मी पाण्यानं धुतलं. वाळलं का पुना दिसते. बाबा म्हनत होते, या कोपऱ्यातली फुलं बाजारात जाईपर्यंत जळून जाते.” मग ती नागसेनकडे वळली. “सोड ते गानं.”

“अकोल्याचं होऊ दे,” नागसेन म्हणाला. “पुण्याहून माणूस येऊन राहिला तिथं आपल्याले आयकाले. याच गान्यासाठी. गोव्यापर्यंतचे शो देतो म्हनते. तेवढं होऊ दे, मंग नाही म्हनत, बस?”

खरं सांगायचं तर ललितलाही ते हवं होतं. फळ्यापुढून त्याला सुटायचं होतं. तो गप्प बसला.

ती रात्र दोन हजार चोवीस सालची, सतरा फेब्रुवारी, शनिवार. माघातली अष्टमी. अकोल्याच्या बाहेर एका लॉनवर स्टेज बांधला होता आणि कधी नव्हे ती तोबा गर्दी. ‘पऱ्हाटी’ शेवटी चढली. पहिली गाणी झकास झाली. मग लोक ओरडायला लागले, “येजो राजा! येजो राजा!”

नागसेननं मागं वळून ललितकडे बघितलं. ललितनं मोठ्या ड्रमवर थाप टाकली.

त्यानं फाटकाकडे बघितलं. नाही. मधल्या रांगा बघितल्या. नाही. अगदी पुढं, कठड्याशी... कोणी नाही. स्टेजच्या दोन्ही पायऱ्या रिकाम्या. ललितच्या छातीवरचं ओझं उतरलं. हात मोकळे झाले. इतकं चांगलं आपण कधी वाजवलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

टप्.

समोरच्या ड्रमच्या पातळ चामड्यावर पाण्याचा एक थेंब पडला.

ललितनं वर बघितलं. वर मांडव होता. कोरडा.

टप्... टप्.

थेंब काठीच्या माराबरोबर उडाले. तोंडावर आले. थंडगार. आणि मागून, त्याच्या खांद्यावरून, कोणीतरी वाकल्यासारखा गाळाचा वास आला. पूर ओसरल्यावर काठाला येतो तसा.

ललितनं मागं बघितलं नाही. हात चालू ठेवले. थांबलो तर काय होईल, ते त्याला ठाऊक नव्हतं. वास त्याच्या कानापाशी आला. थांबला. मग बाजूनं पुढं गेला. स्टेजच्या फळ्यांवर ओली पावलं उमटत गेली. एक. दुसरं. पुढं. नागसेनपर्यंत.

पुढं पाऊल नव्हतं.

नागसेन शेवटची ओळ म्हणत होता, “सरळ घरी येजो राजा...” आणि मध्येच थांबला. गिटारीवरून हात खाली आला. प्रतीक्षाही थांबली. लोकांना वाटलं, हे गाण्यातलंच आहे. सगळं मैदान चिडीचूप झालं. नागसेन माइकच्या अगदी जवळ गेला, आणि त्याचा नव्हता अशा आवाजात, बारीक, दमलेल्या आवाजात म्हणाला...

“आलो वं माय.”

लोकांनी टाळ्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं.

सामान कसं भरलं ते ललितला आठवत नाही. पुण्याचा माणूस येऊन काहीतरी म्हणाला, हात मिळवला. नागसेननं त्याला हात दिला, आणि त्या माणसानं तो घेऊन लगेच आपला हात पँटला पुसला. नागसेन कोणाशीही बोलला नाही. पुढं येऊन सीटवर मधोमध बसला. एका बाजूला गाडी चालवणारी प्रतीक्षा, दुसऱ्या बाजूला दाराशी ललित. रोजची बसायची पद्धत. पण त्या रात्री ललितचा खांदा दाराच्या काचेवर दाबला जात होता. जागाच पुरत नव्हती. प्रतीक्षा गिअर बदलताना दर वेळी हात आखडून घेत होती.

“ललित,” ती समोर बघत म्हणाली. “माही बाही वल्ली होऊन राहिली.”

“गाडी चालव.”

बोरगाव मागं पडलं. चंद्र मावळला. रस्त्यावर ट्रकही तुरळक. मूर्तिजापूर आलं, आणि अमरावतीचा सरळ रस्ता सोडून नागसेननं डावीकडे हात केला. दर्यापूरकडे.

“इकडून,” तो म्हणाला. तोच बारीक आवाज. “जवळ पडते.”

प्रतीक्षानं गाडी बाजूला घेतली. केबिनमधला दिवा लावला. नागसेनचे ओठ निळे पडले होते. तो खोकला. एकदा, दोनदा. मग त्याच्या तोंडातून पाणी आलं. उलटी नाही, नुसतं पाणी, गढूळ. शर्टाचा पुढा भिजला. पुन्हा खोकला. पुन्हा पाणी. श्वास आत घ्यायला तो धडपडत होता आणि श्वास आत जात नव्हता. कोरड्या सीटवर बसून माणूस बुडत होता, पोट्टेहो.

“मूर्तिजापुरातच दवाखान्यात नेऊ,” प्रतीक्षा रडकुंडीला आली होती.

ललितनं त्याचा हात धरला. नाडी नावाला लागत होती. त्याच्या डोक्यात एवढंच येत होतं की हा काही वाईट करायला आलेला नाही. याला हाक मारली, म्हणून हा आला. दर वेळी हाक मारली आणि दर वेळी सामान आवरून आपण निघून गेलो. घरी कोणी नेलंच नाही.

“डॉक्टर काय करन याले?” तो म्हणाला. “डावीकडं घे. त्याले घरी सोडू.”

त्या रस्त्यावर प्रतीक्षानं गाडी कशी हाणली ते तिचं तिला ठाऊक. दोन्ही बाजूला तुरीची खोडं आणि अंधार. दर्यापूर झोपलेलं. पुढं फाटा. मग पूल. पूल आला तसा नागसेन ताठ झाला, ललितचं मनगट त्यानं असं आवळलं की आठवडाभर वळ होते. पूर्णेत घोटाभर पाणी नव्हतं. पण पूल ओलांडेपर्यंत गाडीच्या खालून, चाकांना लागून, पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. तिघांनीही ऐकला. 

मनकर्णाबाईच्या घरात अंधार. ललितनं नागसेनला काखेत धरून ओट्यावर आणलं. त्याचे पाय फरफटत होते. दार वाजवलं.

“मावशी.”

काही नाही.

“मावशी, मी ललित. अमरावतीचा. चष्मा घेऊन आलतो...”

आतून, दाराच्या अगदी पलीकडून, आवाज आला. ती दाराशीच उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

“तुमी रातचं म्हटलं.”

“हो मावशी.”

“सांगतलं होतं मी.”

“हो...”

“कोन हाय संगं?”

 नागसेनच्या तोंडातून पाणी ओट्यावर पडत होतं. त्याचाच काय तो आवाज होता.

 मग म्हातारी बोलायला लागली. दाराला तोंड लावून, अगदी हळू. “एक पाच-सा महिने बलावलं मी त्याले. रोज. मंग एका राती आला. दार वाजोलं. ‘माय, उघड’ म्हने. मीच बलावलं होतं न बापा... अन् मलेच भेव वाटलं. पानी गळत होतं त्याच्या आंगातून, दाराखालून आत येत होतं. मी कडी नाही काढली. रातभर उभा होता माहा पोरगा अठी. रातभर. मी आतून कानावर हात धरून बसली.”

“मावशी, नागसेन मरून राहिला...”

“दुसऱ्याच्या लेकरात काहून शिरला रे, राजा?” ती म्हणाली. हे ललितला नव्हतं. “तुयी माय काय मेली होती?”

आणि मग दाराच्या आडून तिनं स्वतः ते गाणं म्हणायला सुरुवात केली. ड्रम नाही, काही नाही. थकलेला, फुटका आवाज. पण प्रत्येक ओळ वर गेली आणि थांबली... ओ येईल म्हणून.

पहिल्या ओळीला नागसेनचा खोकला थांबला.

दुसऱ्या ओळीला कडी निघाली.

दार उघडलं. आत मिट्ट काळोख. म्हातारी दिसली नाही, नुसता आवाज. नागसेन ललितच्या हातातून सुटला, एक पाऊल पुढं गेला आणि उंबऱ्याच्या बाहेरच धाडकन कोसळला. ललित वाकला. वाकताना त्यानं बघितलं. नागसेन खाली पडलेला, आणि तरी सारवलेल्या उंबऱ्यावर ओलं पाऊल उमटलं. आतल्या बाजूला तोंड करून.

मग दुसरं.

दार लागलं. आतून कडी पडली.

गाणं थांबलं होतं.

ललितनं नागसेनच्या नाकाशी हात धरला. श्वास होता. गरम. त्यानं आणि प्रतीक्षानं त्याला उचललं आणि मागं वळून न बघता दर्यापूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर अर्धवट झोपेत होते. छाती तपासली आणि विचारलं, “पोहाले गेलता काय रात्री? फुप्फुसात पानी आहे.”

नागसेन वाचला. आजही आहे, इथंच कॅम्प भागातल्या एका बँकेत चिकटलाय. बोलतो, हसतो. गात नाही. गा म्हटलं तर उठून जातो. ‘पऱ्हाटी’ त्या रात्रीच संपली. पुण्याच्या माणसाचे फोन येत राहिले, कोणी उचलले नाहीत. प्रतीक्षाचं लग्न झालं. भगवंतरावांनी ती पिकअप विकली.

राहिली त्या रात्रीनंतरची सकाळ.

ऊन चांगलं वर आल्यावर ललित एकटाच जीपनं पुन्हा त्या गावाला गेला. म्हातारीला बघायला. दारापुढं माणसं जमली होती. बायांनी सकाळी हाका मारल्या, ओ आली नाही, म्हणून दार तोडलं होतं. मनकर्णाबाई आतल्या भिंतीला टेकून बसलेली. गेलेली. अंग थंड, रात्रीच गेली असणार, असं सगळे म्हणत होते. चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नाही. चुलीतली राख पोलीस पाटलानं हात घालून बघितली. तीही थंड.

तिच्यापुढं जमिनीवर ताटं मांडलेली होती. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. एक तिचं, अर्धं जेवलेलं. एक तिच्या समोरचं, चाटूनपुसून खाल्लेलं, आणि त्याच्यात हात धुतलेला.

आणि बाजूला तिसरं. दाराकडे तोंड करून मांडलेलं. वाढलेलं, पण हात न लावलेलं. त्याच्याजवळ पाण्याचा भरलेला गिलास.

पोलीस पाटील म्हणाला, “हे कोनाचं असन बुवा?”

रात्री तिच्या पोराला दाराशी कोणी आणून सोडलं, ते तिथं ललितला एकट्यालाच ठाऊक होतं. तो त्या ताटापुढं बसला. त्यानं भाकरीवर हात ठेवला...

गरम होती. तव्यावरून आत्ता उतरवल्यासारखी.